अंधारात ठेवलेलं तळं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पुस्तकं जमवतात, फोटोंच्या प्रिंट्स जमवतात, त्यांच्यासाठी रजा टाकतात, घरी थापा मारतात. किस्से मात्र आपोआप साठतात, कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीत लिंट साठतं तसे. कधीतरी जाळी बाहेर ओढावी तर एक मऊ, राखाडी गादी हातात येते आणि तिच्यात सगळ्यांच्या कपड्यांचे धागे निघतात.

ही गादी वेस्ट विंडसरच्या मधूकाकांच्या घरातली. काका औषधांच्या रिसर्चमधून रिटायर झालेत. शैलाकाकू त्यांची बायको. निखिल नागपूरचा, एडिसनला राहतो, आयटीत आहे. आणि मी. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होते, सोडली, आता काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. काका पाहुण्यांना सांगतात, "ही मिनू. सध्या ब्रेकवर आहे." मी म्हणते, "ब्रेक नाही काका, सोडलं." दर वेळी! आणि दर वेळी त्यांना वाटतं की या खेपेला तरी पोरगी गप्प बसेल.

आम्हा चौघांना बांधून ठेवलंय एका फोटोग्राफर बाईने. ती पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत राहते आणि फक्त पहाटेचे फोटो काढते. तळी, धुकं, ओलं गवत, कुंपणावर विसरलेला स्वेटर. तिची पुस्तकं मोजक्याच प्रतींत निघतात, प्रिंट्स त्याहून कमी. प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर, म्हणजे कितीतली कितवी, आणि सही. शाळेत म्हणायचो तसं आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणतो. बाईंचं नवीन पुस्तक येतंय म्हटलं की चार शहाणी माणसं चळतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. काकूच्या डोळ्यांचा मधला भाग विरत चाललाय. समोर बघितलं की मधोमध करडा डाग आणि कडेकडेने जग. डाग वाढणार हे डॉक्टरांनी सांगितलंय, किती वेगाने ते त्यांनाही माहीत नाही. आणि काका बाईंच्या सगळ्या प्रिंट्स कपाटात, काळ्या खोक्यांत ठेवतात. कारण उजेडाने प्रिंट फिकी पडते! म्हणजे घरात तळी आहेत, ती बघायला आसुसलेली काकू आहे, आणि मध्ये कुलूप.

*

काका बाईंच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घेतात. एक ठेवायला, एक बघायला.

मी राहायला आले त्या आठवड्यात म्हटलं, "काका, बघायची प्रत दाखवा ना."

काकांनी काढली. प्लास्टिकमध्ये सीलबंद!

"ही तर उघडलेलीच नाही."

"अगं, हीसुद्धा सही केलेली निघाली. कशी उघडणार?"

"मग तुम्ही बघता कुठे?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "पब्लिक लायब्ररीत आहे ना!"

*

बाईंचं पुस्तक ऑनलाइन विक्रीला येतं आणि कपात चहा ओतेस्तोवर संपतं. एकदा नेमकी तीच वेळ निखिलच्या ऑफिसच्या मीटिंगची होती. नवीन सिस्टिम लाइव्ह जायची होती, क्लायंट कॉलवर, मॅनेजर टेन्शनमध्ये. निखिलच्या एका स्क्रीनवर सिस्टिम, दुसऱ्यावर बाई. माइक चालू.

निखिलची ऑर्डर लागली आणि गडी ओरडला, "यस! झालं!"

पलीकडून मग टाळ्या! मॅनेजरने क्लायंटचं अभिनंदन केलं, क्लायंटने मॅनेजरचं. कुणीतरी तर कॅमेऱ्यासमोर केक धरला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करतो यार? सगळ्यांचं थँक्यू घेतलं. मग हळूच सिस्टिम सुरू केली."

*

प्रिंट बघायचा काकांचा एक विधी आहे. पडदे ओढायचे, एकच मंद दिवा लावायचा, हातात पांढरे सुती मोजे. चहा नाही, आणि जवळ जाऊन बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. त्या अर्ध्या अंधारात खोक्याचं झाकण निघतं, वरचा पातळ कागद बाजूला होतो, आणि खालून एखादी पहाट हळूहळू वर येते. खरं सांगते, त्या वेळी माझ्यासारखीचंही डोकं थंड होतं. पीएचडीच्या अख्ख्या काळात मला असं कुणी काही दाखवलं नव्हतं.

एकदा काकांनी मराठी मंडळातल्या एका बड्या काकांना बोलावलं. ते मोजे घालून वाकले, बघितलं, सरळ झाले.

"रिकामा कागद आहे की हा!"

"धुकं आहे," मधूकाका म्हणाले.

"माझ्या फोनवर याच्यापेक्षा क्लिअर येतो फोटो. आणि तू गं, पीएचडी सोडून हे बघत बसतेस?"

"काका, क्लिअर तर तुमचा पासपोर्टचा फोटोही असेल," मी म्हटलं. "लावलात का हॉलमध्ये?"

ते पुन्हा आले नाहीत. काकूने त्या रात्री माझ्या पानात जास्तीचा गुलाबजाम वाढला. 

*

दसऱ्याला काकू पाटीपूजन करते. पाटावर वह्या-पुस्तकं, गंध, अक्षता, झेंडूची फुलं. त्या वर्षी तिने कपाटाची किल्ली शोधली आणि बाईंचं सगळ्यात देखणं पुस्तक काढलं, पांढऱ्या कापडी बांधणीचं. प्लास्टिक फाडलं. आणि कव्हरच्या मधोमध हळद-कुंकू वाहिलं. ओल्या बोटाने!

काका अंघोळ करून आले आणि दाराला धरून उभे राहिले.

"शैला, प्लास्टिक काढलंस?"

"मग? देवासमोर प्लास्टिकमधलं जेवण ठेवता का?"

"अगं, व्हॅल्यू गेली!"

"मी विद्येची पूजा केली," काकू म्हणाली, "व्हॅल्यूची वेगळी असते. ती लक्ष्मीपूजनाला करू."

काका दिवसभर जेवले नाहीत. काकूने मात्र दुपारी ते पुस्तक सोफ्यावर बसून पानन् पान बघितलं. मान थोडी वळवून, डोळ्यांच्या कडेने. "आलंच आहे बाहेर तर बघून घेते," म्हणाली. पान उलटायचा आवाज घरभर येत होता आणि काका बेडरूममध्ये दार लावून तो ऐकत होते.

*

पुढच्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावी पुस्तकांच्या दुकानात बाई येणार होत्या. चौघंही निघालो, निखिलच्या गाडीतून. शिक्षण सोडून मी आले होते तोच रस्ता, उलट दिशेने.

डोंगर लागले आणि धुकं उतरलं. साधंसुधं नाही, समोरच्या ट्रकचे लाल दिवे दोन कुंकवाच्या टिकल्यांएवढे झाले. निखिलने गाडी कशीबशी हायवेकाठच्या रेस्ट एरियात घातली. उतरलो. पाच पावलांवर निखिल दिसेना, फक्त त्याचा आवाज, "अरे, गाडी कुठाय?" गाडी त्याच्या मागेच होती. काका आपल्याच हाताकडे बघत होते. गवत, बाकडी, झेंड्याची काठी, सगळं अर्धंअर्धं. कोण माणूस, कोण कचऱ्याचा डबा, काही कळेना. मी एका डब्याला "काका" म्हटलं.

काकू गवतावर जाऊन उभी होती. शालीचं एक टोक तेवढं दिसत होतं.

"आज तुम्हा सगळ्यांना माझ्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "बरं वाटलं. सोबत झाली."

 धुकं विरेपर्यंत तिथेच उभे होतो.

*

दुकानात रांग होती. काकांनी ते कुंकवाचं पुस्तक टॉवेलात गुंडाळून आणलेलं. बाईंसमोर उघडताना चेहरा असा, जणू पोराला मारून इमर्जन्सीत आणलंय. "सॉरी, माय वाइफ..." म्हणून पूजेचं सगळं सांगितलं.

बाईंनी कुंकवावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं, ते निरखून बघितलं. मग टेबलाखालून एक कोरी करकरीत प्रत काढली, म्हणाल्या, हे मला ठेवू दे, तू ही घे.

 काकांना अगदी जे हवं होतं तेच! नवीन प्रत, डाग नाही, वर बाईंच्या हातून!

काकांनी पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

"नो, नो! धिस इज वन ऑफ वन!"

*

तरी कपाटाचं कुलूप तसंच. घरातली भांडणं वाढली.

"अहो, ते मोठं तळं भिंतीवर लावा ना," काकू म्हणायची.

"प्रिंट फिकी पडेल."

"आधी कोण फिकं पडतंय ते बघू!"

त्यांचा मुलगा ऑस्टिनला असतो. त्याने फोनवर निकाल दिला, "डॅड, जस्ट स्कॅन देम, मॅन." काका चिडले. पुढच्या पिढीसाठी जपतोय मी हे सगळं, म्हणाले. मग मात्र माझं डोकं सटकलं.

"काका, पुढच्या पिढीने आत्ताच स्कॅन करायला सांगितलं! मागची पिढी हॉलमध्ये बसून तुमच्याकडे बघायला मागतेय. तुम्ही नक्की कुणासाठी राखण करताय? तुमच्यासारख्यांचं सगळं असंच. चांगलं ते नंतर वापरू म्हणायचं, आणि नंतर नंतर करत माणूसच संपवायचा."

काका म्हणाले, "तुला भाडेकरू म्हणून ठेवलंय." मी म्हटलं, "मग फिकी पडायच्या आत मलाही खोक्यात ठेवा."

 तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता काकूने सहज विचारलं, "अहो, त्या मोठ्या तळ्यात नाव होती का हो?"

"नाव?" काका म्हणाले. "हो... असेल."

"असेल?"

 विकत आणलं त्या दिवसापासून काकांनी ते खोकं उघडलंच नव्हतं! काकूने पुढची पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोड्याच्या आवाजाने मला जाग आली. वर आले तर पूर्वेच्या खिडकीसमोर मोठं तळं टांगलेलं, किंचित तिरकं. फ्रेमची काच काढून टाकलेली, कारण ती चमकते आणि काकूला त्रास होतो. काका घामाघूम, अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला.

"नाव नाहीये," ते म्हणाले.

"मग मी कुठे बघितली?" काकू म्हणाली.

निखिलला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "काका! डायरेक्ट ऊन! उडून जाईल सगळं!"

"उडू दे," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

*

आता रोज सकाळी ऊन त्या तळ्यावर येतं. चित्रात तसं काहीच नाही. खाली थोडं गवत, मग पाणी, मग धुकं, आणि धुक्याच्या पलीकडे कागदाची कड. काकू समोर खुर्ची टाकून बसते, मान एका बाजूला कलती करून, हातात कप. काका टेबलाशी पेपर वाचतात. मी टोस्ट जाळते.

मागच्या रविवारी काकू म्हणाली, "अहो, धुकं उतरतंय. पलीकडचा काठ दिसायला लागला."

मी काकांकडे बघितलं. हा माणूस मी 'आर्काइव्हल' हा जपणुकीतला शब्द चुकीचा उच्चारला तर जेवण थांबवून दुरुस्त करतो.

काकांनी पेपर खाली ठेवला. काकूच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि तिच्यासारखीच मान कलती केली.  खिडकीबाहेर कुणाचं तरी गॅरेज उघडलं, मिटलं.

"हो गं," ते म्हणाले. "दिसतोय."

"कुणी आहे का तिथे?"

"आहे. आपल्याकडेच बघतंय."

"अगंबाई! मग उभे काय राहिलात? चहा वाढवा की!"

काका आत गेले, आणि पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.