बँडच्या ओट्यावरचे पेढे

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या बागेत मधोमध एक गोल ओटा आहे. भोवती खांब, वर छप्पर. यंदा त्यावर नवा पत्रा बसला. ओटा मुळात बांधला कुणी, यावरून बाकांवरची म्हातारी मंडळी अजून भांडतात. इंग्रज साहेबांच्या काळात तिथे बँड वाजायचा, एवढ्यावर मात्र एकमत. साहेब गेले आणि ओट्यावर लग्नाचे बँडवाले आले. सीझनच्या आधी ते तिथेच सराव करायचे.

ओट्याचा दुसरा उपयोग मुली दाखवण्याचा. बुधवाऱ्यातली आमची घरं चिंचोळी, आणि गल्लीला कान फार. म्हणून पाहुण्यांना बागेतच बोलवायचं. ते आले की बँडवाले आपणहून ओट्यावरून उतरून निंबाखाली गप्प बसायचे. पण लग्न जमून पेढ्यांचा डबा उघडला, की न बोलावता वाजवायला लागायचे. म्हणजे वरातीची सुपारी त्यांनाच पक्की.

मला दोन स्थळांनी नाकारलं होतं, दोन्ही वेळा हसण्यावरून. मी हसले की बागेतली कबुतरं उडतात, असं आई म्हणायची. तिसऱ्या वेळी तिने बजावलं, "आज दात दिसले ना, तं बघ मंग."

मुलगा शाळेत मास्तर होता आणि मला तो बघताक्षणी आवडला. म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले. तो बिचारा मला घुमी समजून खांबांकडे बघत राहिला. त्याच्या आईचा चेहरा पडला. झालं, हेही स्थळ गेलं!

तेवढ्यात मुलाच्या मामांना दरदरून घाम फुटला. ते शुगरचे पेशंट. साखर कमी झाली म्हणून त्यांनी देवळासाठी घेतलेला पेढ्यांचा डबा घाईघाईने उघडला आणि एक पेढा तोंडात टाकला. निंबाखालून बँडवाल्यांनी तेवढंच पाहिलं.

ढोल, ताशा, बाजा, सगळं एकदम सुरू! मामांना बोलता येईना, म्हणून ते दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' करू लागले. बँडवाल्यांना वाटलं, नाचताहेत. त्यांनी ठेका आणखी वाढवला.

मी किती धरून ठेवणार? फुटलेच. कबुतरं उडाली. आईने कपाळाला हात लावला.

मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या गोंगाटात जरा पुढे झुकून म्हणाला, "एक बार अजून हसा ना. बँडच्या चक्करमध्ये नीट ऐकू नाही आलं."