गोफणीतला दगड

मंडळी, आज सकाळी रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लांबच लांब पायांचा एक किडा बसला होता. "आबा, केवढा डास हा!" म्हणत नातीनं रॅकेट मारली.

"थांब गं, तो चावत नाही. ओल्या मातीत वाढतो, पंख फुटले की चार दिवस जगतो."

तोवर त्याचा एक पाय तुटून पडला होता.

तो पाय पाहिला आणि मी पन्नासच्या दशकातल्या निघोजे गावात पोचलो. हिवाळ्यात नदीकाठच्या आमच्या हरभऱ्यावर करकोचे उतरायचे. त्यांना हाकलायला गोफणीत मातीचं ढेकूळ घालायचं, दगड नाही, असा रिवाज होता. शाळेतल्या पाखरांच्या कविता मला तोंडपाठ, तरी एकदा मी दगड घातलाच. एका करकोच्याचा पाय मोडला.

वडील एवढंच म्हणाले, "पाव्हण्याला दगुड मारत्यात व्हय रं?"

करकोच्याला उडण्याआधी धावावं लागतं. त्याला धावता येईना. थवा गेला, जोडीदार तेवढा मागं राहिला. तिसऱ्या दिवशी शेतात नुसती पिसं होती आणि जोडीदार त्यांच्याभोवती ओरडत फिरत होता.

हे सगळं नातीला सांगितलं. मग तिनंच तो किडा कागदावर घेऊन बाल्कनीतल्या ओल्या कुंडीत सोडला. जरा डगमगला आणि उडाला.

"आबा, याला धावावं लागत नाही, बघा," ती हळूच म्हणाली.

मी मात्र बराच वेळ तिथंच उभा होतो. तुमच्या गोफणीतून कधी असा दगड सुटलाय का हो?