बाबांचं मीठ बंद, बांगडा चालू

आज दुपारी बोरिवलीच्या आमच्या घरात बाबांनी आईवर ताट भिरकावलं. आमटीत मीठ नव्हतं म्हणून.

सकाळीच डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते, ‘बीपी बघा तुमचं. खारट खाऊन रक्तवाहिन्यांच्या पेशी वयाआधी म्हाताऱ्या होतात. मीठ बंद करा.’

आईच्या कपाळातून रक्त आलं. माझं डोकंच फिरलं. बाबांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आदळलं.

तर आईने मलाच ढकललं. कपाळाला पदर दाबून तिने त्यांच्यासाठी मिठात खारवलेला सुका बांगडा तव्यावर टाकला. म्हणाली, ‘डॉक्टरान मीठ बंद केल्यान, बांगडो नाय.’

लहानपणापासून मीही तोच बांगडा खाल्लाय यार, आणि हातही त्यांच्यासारखाच उठला. तुमच्या घरात हे कुठल्या पिढीत थांबलं?