निवडुंगाचा गिलावा

चित्राआधी भिंत लागते, एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या चित्रकारांच्या डोक्यात शिरत नाही, असं एपिग्मेनियो त्लापाचं ठाम मत होतं. हा चोलुला गावचा गवंडी. क्रांती संपली, नव्या सरकारने शाळा-कचेऱ्यांच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या, तेव्हा गिलाव्यासाठी राजधानीत त्यालाच बोलावणं आलं. चुना तो तीन-तीन महिने मुरवायचा. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा पहाटे चढवायचा, कारण ओल्यावर लावलेला रंगच भिंतीत मुरतो.

चित्रकार होता औरेलियो सांतिबान्येस. पॅरिसहून नुकताच परतलेला, अंगात कामगारांचे निळे कपडे, तेही कडक इस्त्रीचे. त्याने फर्मान काढलं की गिलाव्यात निवडुंगाचा रस घालायचा, आपले पूर्वज घालायचे. एपिग्मेनियोने समजावून पाहिलं, की तो अंगणातल्या सफेदीत चालतो, चित्राखाली सडेल.

"तू तुझ्या आजीलाच विसरलास," औरेलियो म्हणाला.

"आजी त्याची भाजी करायची, साहेब. भिंतीत नव्हती पुरत."

पण वर्तमानपत्रांत पूर्वजांच्या गुपिताचा गवगवा झाला होता. भिंत बिघडली तर नाव गवंड्याचंच जाणार, हे एपिग्मेनियोला आतून पोखरत होतं. शेवटी त्याने तोंडावर सांगितलं, की जिन्याजवळची कमान मी निव्वळ चुन्यात करणार, नाहीतर दुसरा माणूस बघा. औरेलियोने खांदे उडवले.

सहा महिन्यांत निवडुंगाच्या भिंतींवर काळपट डाग फुटले. चित्रातल्या शेतकऱ्यांना देवी आल्यासारखं दिसू लागलं. कमान तेवढी लख्ख होती. वर्तमानपत्रांनी मात्र कमान पाहिलीच नाही, अडाणी गवंड्याला झोडपलं. एपिग्मेनियो पुन्हा चुना मुरवायला बसला.

भिंती खरवडून काम नव्याने सुरू झालं, त्या सकाळी पहिला हात बघायला मंत्री आले, सोबत वार्ताहरांचा घोळका. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं आणि सुरू करा म्हणाले. औरेलियो कुंचला बुडवून तसाच उभा.

"मागच्या वेळी मी ऐकलं नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भिंत उस्तादांची आहे. ते सांगतील तेव्हा."

एपिग्मेनियोची छाती फुगली, आणि त्याने ती लपवलीही नाही. त्याने गिलाव्याला बोट टेकवून पाहिलं. ओल अजून जास्त होती, आत्ता रंग लावला तर ओघळला असता.

"थांबा जरा," तो मंत्र्यांना म्हणाला आणि थापी धुवायला गेला.

मंत्री थांबले.