तिकडची आई आमच्या किचनमध्ये

मी असल्या गोष्टींतला माणूस नाही. नाशिकला हॉस्टेलवर मुलं भुताचे किस्से सुरू करायची तेव्हा मी चादर ओढून झोपायचो, भीतीने नाही, कंटाळ्याने. आता गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. काही बिघडलं की कारण सापडतंच, अशी सवय झालेली. तरी गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं त्याचं कारण मला सापडलेलं नाही... म्हणून इथे लिहितोय.

आम्ही मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला राहतो. बसच्या शेवटच्या स्टॉपच्या पुढे टाउनहाऊसची रांग आहे, त्यातलं टोकाचं घर आमचं. मी आणि माझी बायको नंदिनी. ती न्यू जर्सीत जन्मलेली, वाढलेली, आता इथल्या युनिव्हर्सिटीत भाषांचा अभ्यास करते. पापुआ न्यू गिनीच्या उंच डोंगरांत एक गाव आहे. तिथली भाषा त्या एका खोऱ्याबाहेर कुणी बोलत नाही, आणि नंदिनी तिचं व्याकरण लिहितेय. त्यासाठी ती दरवर्षी काही महिने तिथे जाऊन राहते.

गावाला रस्ता नाही. गवताची धावपट्टी आहे. ढग हटले तर लहान विमान उतरतं, नाहीतर नाही. दवाखान्याची खोली आहे, औषधं नसतात. शाळा आहे, पण मास्तर सुट्टीला गेला तो परतलाच नाही. घरं बुटकी, गवताने शाकारलेली, मधोमध विस्तव. धूर छपरातूनच झिरपत जाईल तेवढा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना कायमचा खोकला. रोज रताळी. बायका संध्याकाळी शेतावरून येतात तेव्हा कपाळाला अडकवलेली बिलुम, म्हणजे दोरीची विणलेली मोठी झोळी, रताळ्यांनी फुगून पाठीवर लोंबत असते आणि कधीकधी वर डुकराचं पिल्लू झोपलेलं. एका वर्षी शेजारची बाई बाळंतपणात अडली. विमानाची वाट पाहत राहिले सगळे, ढग हटलेच नाहीत, बाई गेली. हे सांगताना नंदिनी रडली आणि म्हणाली, "आमच्याकडे असंच होतं, यू नो."

आमच्याकडे... म्हणजे तिकडे.

मला त्या गावाचा हेवा वाटायचा. लोक बायकोच्या मित्रांवर जळतात, मी एका डोंगरावर जळायचो. नंदिनीला मराठीत नीट भांडताही येत नाही. चिडली की इंग्लिश. आणि तिकडच्या भाषेत? झोपेत बोलते, हसते, शिव्यासुद्धा देते. फोटोत ती चिखलात फतकल मारून बसलेली आणि चेहऱ्यावर असा आनंद, की आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधून सापडणार नाही.

सगळ्यात जास्त राग यायचा तो यांबेचा. यांबे म्हणजे जिच्या घरी ती राहते ती म्हातारी. तिने नंदिनीला मुलगी मानलंय. विस्तवाशेजारी दोघी एका चटईवर झोपतात. "आई म्हणते जास्त विचार करू नकोस", "आई म्हणते मी जाड झालेय"... सख्ख्या आईला ही मॉम म्हणते, आई म्हणजे यांबे.

या वेळी तिचा फोन आला तो आणखी राहण्याबद्दल. फोनसाठी तिला टेकडी चढून जावं लागतं, तिथे दोन काड्या सिग्नल मिळतो, व्हिडिओ वगैरे काही नाही.

"आय वॉज थिंकिंग," ती म्हणाली, "स्प्रिंगमध्ये न येता पूर्ण वर्षच राहिले तर? काम खूप छान चाललंय."

"आणि मी?"

"तू मॅनेज करतोस ना रे."

मी "बघ, तुझी मर्जी" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर कित्येक दिवस माझं तिच्याशी बोलणं झालं नाही.

त्याच आठवड्यातला रविवार. भर दुपार, बाहेर बर्फावर ऊन पडून डोळे दिपत होते. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून मागच्या दाराने किचनमध्ये आलो, आणि धुराने डोळे चुरचुरले. लाकडाचा धूर. आमच्याकडे इलेक्ट्रिक शेगडी आहे आणि ती बंद होती. स्मोक अलार्म गप्प. सिंकजवळ जमिनीत हीटरची जाळी आहे, तिच्यासमोर एक बाई उकिडवी बसून हात शेकत होती.

यांबे. फोटोंमुळे मी तिला लगेच ओळखलं. विटका स्वेटर, पाठीवर बिलुम, अनवाणी, भेगाळलेल्या रुंद टाचा. धूसर नाही, आरपार नाही. माणूस बसावा तशी बसलेली. खोकली सुद्धा.

घाबरायला हवं होतं. पण मला आला तो राग. "इथेही आलात?" मी चक्क मराठीत म्हणालो. "तिथे ती तुमचीच आहे. इथे काय राहिलंय न्यायला?"

ती उठली. माझ्या खांद्याइतकीही नव्हती. नवरा मुलगा पाहावा तसं तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझी हनुवटी धरली. हात खरखरीत आणि ऊबदार होता, हे मी शपथेवर सांगेन. एकच शब्द ती दोनदा म्हणाली, "कोयामे, कोयामे", आणि हसली. पुढचे दात नव्हते.

तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली. मी दाराकडे वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं तर किचन रिकामं.

दारात शेजारच्या देशपांडे काकू. मुलाकडे राहतात, अधूनमधून मला काहीतरी करून आणतात.

"काय जाळलंस रे?" त्या आत येत म्हणाल्या. "चुलीचा वास येतोय."

"तुम्हालाही येतोय?"

"येतोय म्हणजे? डोळ्यात पाणी आलं. खिडकी उघड आधी."

मी खिडकी उघडली. काकूंना काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

त्यानंतर नंदिनीचा फोन आला.

"एक विचारू? तू मिशी काढलीस का?"

काढली होती, त्या रविवारच्या आधीच. तिला सांगितलेलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आई. ती म्हणाली, मी तुझ्या नवऱ्याकडे जाऊन आले, त्याला मिशी नाही. मी म्हटलं, आहे, यू आर राँग. तर म्हणाली, जा, विचार. त्याचं घर गरम आहे पण विस्तव दिसत नाही, म्हणे. जमिनीतून गरम वारा येतो." तिचा आवाज चिरकला. "समीर, मी तिला हीटरचं कधी सांगितलेलं नाही. त्या भाषेत मला ते सांगताही येणार नाही."

मग मी सगळं सांगितलं. इकडची दुपार म्हणजे तिकडे उजाडायच्या आधीची वेळ; यांबे तेव्हा नंदिनीच्या शेजारी चटईवर झोपलेली होती. शेवटी मी तो शब्द उच्चारला. नंदिनीने तो पुन्हा म्हणायला लावला.

"इथे एका माणसाला दोन बायका असतात ना," ती हळू म्हणाली, "त्या एकमेकींना तशी हाक मारतात."

"म्हणजे सवत?"

"हो. सवत."

मला हसू आलं. बरोबरच हाक मारली होती म्हातारीने.

"आणि ती म्हणतेय, मी आता निघायचं," नंदिनी म्हणाली. "आता त्याची पाळी, म्हणे."

ठरल्याप्रमाणे नंदिनी स्प्रिंगमध्ये परत आली. वर्षभर राहायचा विचार तिने सोडला, निदान या खेपेला. यांबे ठणठणीत आहे, खोकला सोडला तर. ती मेली आणि मला दिसली, असली ही गोष्ट नाही. ती जिवंत आहे, आणि हेच मला जास्त कळत नाही. स्वप्न म्हणाल तर मग काकूंच्या डोळ्यात पाणी का आलं? नंदिनीच्या डिपार्टमेंटमधल्या एका प्रोफेसरांना विचारलं, तर ते म्हणाले, झोपेत माणूस असा जाऊन येतो, असं तिथले लोक मानतात. मानतात हे मलाही कळतं. पण मी कुठे मानत होतो?

घरी आल्यावर नंदिनीने मला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावला. हनुवटी कशी धरली, कुठल्या हाताने, हसली म्हणजे कशी हसली. एकदा सांगता सांगता थांबलो, कारण ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती नजर मी चांगली ओळखतो.

"इतकी वर्षं मी तिच्याकडे जातेय," ती म्हणाली, आणि चिडलेली असूनही चक्क मराठीत म्हणाली, "ती माझ्याकडे कधीच आली नाही."