भिंतीला हात लावणारे बंबवाले

तीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही गल्ली बंबवालेच म्हणायची. बायकोची खाली लाँड्री होती. तिथेच एक गंजका खिळा त्यांच्या पायात घुसला आणि "एवढ्याशा खिळ्याला काय डॉक्टर," म्हणत त्यांनी आठ दिवस अंगावर काढले. जंतूंचं विष रक्तात भिनलं. दवाखान्यात नेलं तेव्हा ते शुद्धीवरही नव्हते.

औषधांनी ताप उतरला, भूक लागली; डोळे मात्र पिवळेधमक. लिव्हरला मार बसला होता आणि ते सावरेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना.

"जंतू गेले म्हणता, मग लिव्हर बिघडवलं कोणी?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तुमच्याच पांढऱ्या पेशींनी, काका. जंतूंना मारायला लिव्हरात धावल्या, त्या धुमाळीत चांगल्या पेशीही मारल्या. जंतू संपले तरी त्या लगेच थांबत नाहीत."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," बंबवाले हसले. "नवशिक्या असतील. माझंही पहिल्या आगीत हेच झालं. शिंप्याचं दुकान होतं. आगीनं दोन तागे जाळले, आणि मी नळी बंदच केली नाही, तर पाण्यानं चाळीस नासवले. आमच्या उस्तादांनी कान पिळला. म्हणाले, आधी भिंतीला हात लाव. गार लागली की पाणी बंद. पुढे तीस वर्षं भिंतीला हात लावूनच नळी बंद केली. आता आतल्या भिंतीला हात कोण लावणार?"

"मी लावते," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लाँड्रीतला स्वच्छ धुतलेला उशीचा अभ्रा आणून पिवळेपणा ताडायला त्यांच्या डोळ्यांशेजारी धरू लागली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट दाखवायच्या, आकडे उतरताहेत म्हणायच्या.

"कागद तुमच्याकडेच राहू द्या, बाई," बायको म्हणायची. "पांढरं मला शिकवू नका. अजून दोन धुणी बाकी आहेत."

दहाव्या दिवशी सकाळी तिनं अभ्रा धरला. खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिला, परत आणून धरला. बंबवाले उठून बसले.

"अगं, बोल ना काहीतरी. वाढलंय का?"

"काही नाही हो," ती अभ्र्याची घडी घालत म्हणाली. "आज हाच जरा मळका दिसतोय. घरी जाऊन परत धुवायला हवा. चपला घाला."