इंग्रजाला ळ येत नाही

कुवेतमधल्या आमच्या छोट्या मराठी मंडळात ऐतिहासिक नाटक बसवायचं ठरलं की बाकी सगळ्या भूमिकांवरून भांडणं व्हायची, पण इंग्रज साहेबाची भूमिका कोणी मागत नसे. ती माझीच असे. मी गोरा आहे, डोळे घारे आहेत, आणि लाल कोट चढवला की पोट आत असल्यासारखं दिसतं. नाशिकहून इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून आलो त्याला आता बराच काळ लोटला, पण या देशात माझ्या गोरेपणाचा दुसरा काही उपयोग झालेला नाही. रस्त्यात तपासणीला थांबवणारा पोलीस माझ्याकडे एकच नजर टाकतो आणि "हिंदी?" असं विचारतो, म्हणजे हिंदुस्थानी का. माझं साहेबपण मंडळाच्या हद्दीपुरतंच. तिथे मात्र ते दणक्यात चालायचं. एगैलाच्या मॉलमध्ये मंडळातली पोरं मला लांबून बघून ओरडायची, "किल्ला खाली करटो की नाय?" आणि मी हातातली ट्रॉली सोडून नसलेल्या मिशीला पीळ द्यायचो.

नाटकं आमचे दिग्दर्शक स्वतःच लिहीत. ते पुण्याचे, पेट्रोकेमिकल्समध्ये इंजिनिअर, आणि इतिहास अभिमानासाठी असतो, माहितीसाठी नव्हे, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या प्रत्येक नाटकात एक किल्ला, एक फितूर आणि एक साहेब असायचाच. खऱ्या इतिहासात तो किल्ला पडला असला तरी आमच्याकडे तो मध्यंतरापुरताच पडायचा. चहा-वडे झाले की परत यायचा.

मला ही भूमिका हवी असण्याचं कारण मात्र टाळ्या नव्हत्या. माझी मुलगी इथेच जन्मली, इंग्रजी शाळेत वाढली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा संवाद. पण नाटकाचे दिवस आले की ती माझी वाक्यं रोमन अक्षरांत उतरवून घ्यायची आणि सोफ्यावर मांडी घालून माझं पाठांतर घ्यायची. समोरच्या मराठा किल्लेदाराची वाक्यं ती वाचायची, साहेबाची मी म्हणायचो. कधी हट्टाने साहेब स्वतःकडे घ्यायची. वाक्य चुकलं तर चुकलंच, पण नुसतं पोकळ पडलं तरी तिला कळायचं. नकारार्थी मान हलवून ती म्हणायची, "बाबा, अगेन." दुधाचे दात पडायच्या वयापासून ती बारावीत जाईपर्यंत हे चाललं. वर्षभरात ती माझ्याशी मराठीत बोलायची ती तेवढीच. साहेब गेला तर ते दिवसही जाणार होते.

आणि तो साहेब मीच घालवला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही.

आमच्या क्लिनिकमध्ये गुडघा घेऊन एक उंच, वाळका, म्हातारा इंग्रज आला. मुलगी इथल्या शाळेत शिकवते म्हणून रुमैथियाला तिच्याकडे राहत होता. मी सवयीने मराठीत पुटपुटलो, "आता हा ओरडणार." त्यावर गादीवर पडल्या पडल्या तो शांतपणे म्हणाला, "ओरडणार नाही. आपले हातास गुण आहे, ऐसे ऐकिले."

माझ्या हातातून त्यांचा पाय सुटला. तिथून पुढे मी त्यांना मनातसुद्धा अरेतुरे केलं नाही.

म्हातारबुवा नट होते. जन्मभर नट. त्यांची कारकीर्द मी गुडघ्याच्या व्यायामांबरोबर हप्त्याहप्त्याने ऐकली. विलायतेत त्यांनी डॉक्टर, पाद्री आणि संशयित केले. मग कोणीतरी त्यांना हिंदुस्थानात चित्रीकरणाला नेलं आणि तिथून त्यांची सुटका झाली नाही. कलेक्टर, कर्नल, पुन्हा कलेक्टर. "कितीएक वेळा मेलो," ते म्हणाले, "एकदा पळालो. बाकी सर्व काळ चहा प्यालो." अशाच एका चित्रपटात त्यांना खऱ्याखुऱ्या कोण्या अधिकाऱ्याचं काम मिळालं. दोन प्रसंग, त्यातल्या एकात तो मेलेला. पण मेल्यासारखं पडून राहताना त्यांच्या मनात आलं, हा होता तरी कोण? चित्रीकरण संपल्यावर त्यांनी त्याची पत्रं शोधली, वाचली आणि त्याचं चरित्र लिहिलं. तेव्हापासून तोच नेम. ज्याचं सोंग काढलं त्याचं चरित्र लिहायचं. पुस्तकं फारशी खपत नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

सध्याचे त्यांचे नायक दख्खनमधले एक कंपनी सरकारचे अधिकारी होते. त्यांच्यासाठी म्हातारबुवा मराठी शिकले, मोडी शिकले, आणि ती मराठी जुन्या दप्तरांतूनच शिकल्यामुळे 'झाले'ला 'जाहले' म्हणू लागले. त्या अधिकाऱ्याच्या डाव्या गुडघ्यात बंदुकीची गोळी राहिली होती. असा माणूस घोड्यावर कुठल्या बाजूने चढेल, खुर्चीतून उठताना भार कुठे टाकेल, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी उठून दाखवलं. ते माझ्यामागून उठले, बसले, पुन्हा उठले, आणि असे लंगडले की त्यांचा स्वतःचा गुडघा कोणता हे मला क्षणभर आठवेना. "ज्या मनुष्यावर जीव बैसत नाही," ते म्हणाले, "त्याचे चरित्र लिहिता येत नाही, आणि सोंगही काढिता येत नाही."

असा माणूस खिशात असल्यावर मिरवल्याशिवाय कोण राहील? मी त्यांना तालमीला घेऊन गेलो.

आमच्या तालमी अर्दियाला एका सभासदाच्या गोदामात होतात. भिंतीला छतापर्यंत एसीची खोकी रचलेली, चालू एकही नाही. म्हातारबुवांनी आत आल्या आल्या सगळ्यांना रामराम घातला. मंडळ हरखलं. कोणी विचारलं, आमचे पूर्वज अमुक लढाईत होते, तुमच्या कागदांत सापडतात का? म्हातारबुवा म्हणाले, आडनाव आढळते खरे, परंतु बैलांचे ठेकेदार म्हणून. त्यानंतर पूर्वजांची चौकशी थांबली.

दिग्दर्शक मात्र एकदा म्हातारबुवांकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. दुकानात दोन कापडं शेजारी शेजारी धरून बघतात तसे. मला काय ते कळलं.

"वाईट वाटून घेऊ नका," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "ओरिजिनल मिळत असताना..."

"मी काय डुप्लिकेट?"

"तसं नाही हो. तुम्ही उच्चार-मार्गदर्शक. पत्रिकेत नाव टाकू."

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग आता भाला घेऊन मागे उभे राहा. नाहीतरी घरात दुसरं काय करता?" मुलीने मोबाईलमधून मान वर केली, "ओह. सो नो लाइन्स धिस इयर?" आणि पुन्हा खाली घातली. मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

उच्चार-मार्गदर्शक कशाला लागणार होता ते पहिल्याच तालमीत कळलं. म्हातारबुवांनी साहेबाचं वाक्य म्हटलं. त, थ, ण, ळ, सगळं जागच्या जागी. किल्लेदाराचं काम करणाऱ्या आमच्या नटापेक्षा साहेबच जास्त मराठी वाटत होता.

"सर, मराठी उत्तम आहे," दिग्दर्शक घाम पुसत म्हणाले. "अडचण एवढीच, की तुम्ही इंग्रज वाटत नाही."

"मी इंग्रजच आहे."

"ते आम्हाला माहीत आहे. प्रेक्षकांना कसं कळणार? तो ळ काढा. इंग्रजाला ळ येत नाही."

"मला येतो."

"हो, पण पटत नाही ना."

म्हातारबुवांनी सांगून पाहिलं की त्यांच्या अधिकाऱ्याला पंतोजी होते, तो मराठीत पत्रं लिहायचा, पुढे विलायतेला परतताना पंतोजींच्या गळ्यात पडून रडला होता. दिग्दर्शक म्हणाले, रडणारा साहेब आपल्याकडे चालत नाही, प्रायोजक नाराज होतात. शेवटी मला पुढे करण्यात आलं. मी इंग्रजाला इंग्रजासारखं बोलायला शिकवावं, असा ठराव झाला.

मी छाती काढून सगळी जुनी वाक्यं म्हणून दाखवली. टुमी, आमी, करटो, मरटो. गोदाम टाळ्यांनी दणाणलं. म्हातारबुवांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "हा इंग्रज मला कोठे भेटला नाही. ही आपण कोण्या नटाची नक्कल करिता. मला मनुष्य हवा, ज्यास ही भाषा येत नाही, परंतु बोलावयाची इच्छा आहे." मला त्यांचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा मी जरा जास्तच वाकवला.

तरी त्यांना घरी जेवायला बोलावणं भाग होतं. एगैलाला आमच्या घरी ते आले, आणि मुलीने इंग्रजीत स्वागत केल्यावर हात जोडून म्हणाले, "कृपा करोन मराठीत. मजला अभ्यास हवा." तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग तिने सुरुवात केली.

"आजोबा, मी टुम्हाला पोली देटो. माझा आई छान पोली करटो."

एक शब्द सापडला की पुढचा शोधायचा. शोधताना तिची डावी भुवई वर जायची, आणि सापडला की ती हळूच मान डोलवायची. 'वरण' सापडायला वेळ लागला तेव्हा आम्ही तिघं घास हातात धरून थांबलो होतो. म्हातारबुवा तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, आमटी आवडली.

त्यानंतर ते तालमीऐवजी आमच्याकडेच येऊ लागले. सोफ्यावर ती मांडी घालून बसायची, समोर ते. ती किल्लेदार, ते साहेब. मधूनच ती म्हणायची, "आजोबा, अगेन," आणि ते पुन्हा म्हणायचे. मी स्वयंपाकघरात उभा राहून कांदा चिरायचो आणि डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कांद्यावर टाकायचो. भूमिका गेली ती गेलीच, माझी श्रोतीसुद्धा गेली.

प्रयोग शुक्रवारी दुपारी होता. मी विंगेत संहिता घेऊन उभा. मुलगी पहिल्या रांगेत आईशेजारी. साहेबाची एंट्री झाली. लाल कोट, डावा पाय किंचित ओढत. तोंड उघडलं आणि ळ गायब. दिग्दर्शकांनी विंगेतच माझी पाठ थोपटली.

"किल्लेदार, मी टुम्हाला..." म्हातारबुवा थांबले. डावी भुवई वर गेली. "टुम्हाला... वेल... वेल देटो." आणि त्यांनी हळूच मान डोलवली.

माझ्या हातातली पानं खाली आली. सभागृह हसून हसून आडवं झालं. प्रत्येक शब्दाला ते थांबायचे, भुवई, शब्द, मान, आणि प्रत्येक वेळी हशा. ते स्वतः मात्र गंभीर होते. त्यांनी एक अवघडलेला, लाजणारा, मनापासून बोलू पाहणारा माणूस उभा केला होता, आणि लोक का हसताहेत हे त्यांना कळत नव्हतं. एकदा तर त्यांनी गोंधळून विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे पाहत होतो. पहिल्यांदा तीही सगळ्यांबरोबर हसली. मग तोंडावर हात गेला. मग हात तसाच राहिला आणि हसू गेलं.

प्रयोग संपल्यावर म्हातारबुवा पुढे आले आणि पहिल्या रांगेकडे हात करून शुद्ध मराठीत, खणखणीत ळ काढून म्हणाले, "ही बोली मी या बाळेपासोन शिकलो. ती माझी गुरू." लोकांनी तिला उभं केलं. दिग्दर्शकांनी माईक तिच्यासमोर धरून विचारलं, "आणि तुला कोणी शिकवलं गं?" तिने विंगेकडे बोट दाखवलं. "बाबा. साहेब बनून."

आमचं मंडळ इतकं कधीच हसलं नव्हतं. मला बाहेर ओढून आणलं, माझ्यासाठी सगळे उभे राहिले. माझ्या साऱ्या कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मला त्या वर्षी पडल्या, ज्या वर्षी मला भूमिकाच नव्हती. मी नमस्कार केला. दुसरं काय करायचं असतं ते मला सुचलं नाही. आतून मला पळून जावंसं वाटत होतं. मराठी म्हणजे हेच, असं तिने धरून ठेवलं होतं. 'देटो'सुद्धा. साहेब पुरुष होता, म्हणून ती पुरुषासारखं बोलत होती.

बायको मंडळाची भांडी आवरायला मागे थांबली. गाडीत आम्ही दोघंच. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारलं, कोणी न सांगता, मराठीत, थांबत थांबत,

"बाबा, लोक हसले... ते आजोबांना? की मला?"

"आजोबांना," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मान हलवली.

"बाबा," ती म्हणाली, "अगेन."